बुवा कुठायत? : हेडसेट, सूत्रधार आणि पुरावा

मागं आवाज येतोय ना? ठीक.

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट आणि आपला इतिहास’ असं लिहून पाठवलं. त्यांचा लगेच फोन. म्हणाले, “सर, तुम्ही तर मराठ्यांच्या इतिहासाचे. हे कुठलं मधेच काढलंत?” मी म्हटलं, सांगलीत येऊन हा विषय काढायचा नाही तर कुठं काढायचा? मी असं का म्हणालो ते पुढं येईलच. आधी घरातली एक गोष्ट सांगतो.

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून साताऱ्याला आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे. हातात एक मोठं खोकं. बाहेर अंगणात गल्लीतल्या पोरांनी किल्ला केला होता. दगड, माती, वर पोतं, त्याच्यावर चिखलाचा हात, मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, आणि मातीचे मावळे. भाच्यानं ते खोकं उघडलं आणि म्हणाला, “मामा, आता आतला किल्ला बघा.”

खोक्यात तो हेडसेट. कुठल्या कंपनीचा याला आज महत्त्व नाही. पोहताना लावतात त्या चष्म्याचा थोरला भाऊ म्हणा. मागं पट्टा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि ते सगळं वजन गालाच्या हाडांवर आणि कपाळावर. माझा चष्मा आत बसेना. शेवटी चष्मा काढला आणि तसाच चढवला.

माझी पहिली अपेक्षा अशी की आता काळोख होणार. तसं झालं नाही. मला माझीच बैठकीची खोली दिसली. टीपॉय, भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यात आईची खुर्ची, खुर्चीत आई. थोडं दाणेदार, जुन्या लग्नाच्या व्हिडिओसारखं, पण सगळं जागच्या जागी. मी हात पुढं केला तर माझाच हात दिसला. आणि मग टीपॉयवर, चहाच्या कपाशेजारी, अजिंक्यतारा उभा राहिला. मी वाकून बघितलं तर मागची बाजू दिसली. उजवीकडं गेलो तर दरवाजा दिसला. कप होता तिथंच, किल्लाही होता तिथंच.

मग भाचा म्हणाला, “आता समोर बघा.” समोरची भिंत गेली. तिच्या जागी दरबार. त्याच्या एका मित्रानं हौसेनं केलेलं काम होतं ते. शाहू महाराजांचा साताऱ्यातला राज्याभिषेक, १२ जानेवारी १७०८. छत्र, चवऱ्या, दोन्ही बाजूंना माणसं, पायाखाली लाल गालिचा. माणसं माझ्या उंचीची. मी चाळीस वर्षं हा प्रसंग वर्गात शिकवला. खोटं कशाला बोलू, माझे हात आपोआप जोडले गेले. (हशा) हसा, हसा. तुम्हीही जोडाल.

मग आईला लावला. तिचं वय चौऱ्याऐंशी. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही. नंतर स्वतःच हेडसेट वर सरकवला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, “छान आहे रे बाळा. पण बुवा कुठायत?”

भाच्याला कळलं नाही. मला कळायलाही जरा वेळ लागला. आई कीर्तनं ऐकत वाढलेली. तिच्या लेखी राजा, दरबार, राम, रावण यातलं काहीही दिसायचं असेल तर ते दाखवणारा एक माणूस शेजारी उभा हवा. तो म्हणतो, “बरं का मंडळी,” आणि मग दरबार उभा राहतो. इथं दरबार होता आणि बुवाच नव्हते. मग हे सांगतंय कोण?

आज मी जे बोलणार आहे ते सगळं आईच्या या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी.

आधी हे यंत्र नेमकं काय करतं ते थोडक्यात बघू. आपले दोन डोळे एकमेकांपासून दोन-अडीच इंच लांब आहेत. त्यामुळं प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळं दिसतं, आणि मेंदू त्या दोन चित्रांतून खोली तयार करतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यानं १८३८ साली हे दाखवून दिलं. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला दुसरं, मधे आरसे. आणि कागदावरची सपाट रेघ हवेत उभी राहिली. त्या उपकरणाला त्यानं स्टिरिओस्कोप म्हटलं. पुढं डेव्हिड ब्रूस्टर यानं आरशांच्या जागी भिंगं घालून ते हातात मावेल असं केलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडलं होतं. राणी व्हिक्टोरियाला ते फार आवडलं आणि मग ते घराघरांत गेलं. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांनी व्ह्यू-मास्टर बघितला असेल. गोल चकती, खटका दाबला की पुढचं चित्र. तो याच घराण्यातला.

आजच्या हेडसेटमध्ये चित्रांच्या जागी दोन छोटे पडदे आहेत. बाहेरच्या बाजूला कॅमेरे आहेत, ते तुमची खोली टिपतात आणि आतल्या पडद्यावर लगेच दाखवतात. तुमची मान किती वळली हे यंत्र सतत मोजतं आणि त्या हिशोबानं चित्र हलवतं. यात जरा उशीर झाला तरी पोटात ढवळतं. बाकी मूळ युक्ती व्हीटस्टनचीच.

डोक्याला लावायचं असं यंत्र पहिल्यांदा केलं ते अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी, १९६८ साली. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. म्हणून त्याला ‘डॅमोक्लिसची तलवार’ असं टोपणनाव पडलं. त्यातून बघणाऱ्याला खोली दिसायची आणि त्या खोलीत तारांनी केल्यासारखा एक पोकळ ठोकळा तरंगताना दिसायचा. म्हणजे खरी खोली आणि खोटा ठोकळा एकत्र, ही कल्पना पहिल्या दिवसापासूनच होती. तिला ‘मिक्स्ड रिॲलिटी’ हे नाव मिळालं १९९४ साली, पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांच्या एका लेखातून. त्यांनी एक सरळ रेघ कल्पिली. एका टोकाला पूर्ण खरं जग, दुसऱ्या टोकाला पूर्ण बनवलेलं, आणि मधला सगळा पट्टा मिसळीचा.

मिसळ म्हटल्यावर मी सांगलीला आलो. (हशा) आता ते ‘का’ सांगतो.

१८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळी या गावात आली आणि त्यांनी संस्थानिकांपुढं खेळ केले. हे संस्थानिक म्हणजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. त्यांना वाटलं, असं काही आपल्या भाषेत का होऊ नये? त्यांनी ते काम विष्णु अमृत भावे या तरुणाला सांगितलं, आणि १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झालं. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो याच खेळाच्या आठवणीसाठी.

आता त्या दिवशी बघणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवा. पुराणातला राम त्यांना माहीत होता. कीर्तनात तो ऐकला होता, देवळात मूर्तीत बघितला होता. पण ज्या दरबारात आपण रोज मुजरा करायला येतो, त्याच दरबारात, त्याच खांबांच्या मधे, हातभर अंतरावर रामानं धनुष्य उचलायचं? खोली खरी, खांब खरे, शेजारी बसलेले कारभारी खरे, आणि मधे रावण. मिलग्राम आणि किशिनो यांच्या रेघेवर हे मांडायचं झालं तर बरोबर मधल्या पट्ट्यात येईल.

आणि तो रावण काही साधा नव्हता. भाव्यांच्या नाटकातले राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी परजत येत. त्यांच्या त्या आरडाओरड्यावरून अशा नाटकांना पुढं लोक ‘अललडुर्र’ म्हणायला लागले. लहान पोरं घाबरत असणारच.

पण या सगळ्या गोंधळात एक माणूस रंगभूमीवरून हलत नसे. तो म्हणजे सूत्रधार. आरंभी मंगलाचरण तोच करी. मग विदूषक येई, त्याच्याशी थट्टा होई. गणपती येऊन आशीर्वाद देई, मोरावर बसून सरस्वती येई. आणि मग आख्यान सुरू झालं की सगळी पदं सूत्रधार म्हणे. आता कोण आलं, का आलं, मनात काय आहे, हे तो पदांतून सांगे. पात्रं त्या धाग्यावर स्वतःची भाषणं आयत्या वेळी रचून बोलत. म्हणजे राम समोर असला तरी ‘हा राम आहे’ असं सांगणारा माणूसही समोरच होता. साध्या पोशाखात, तुमच्या-माझ्यासारखा. पोरगं रावणाला भ्यालं तर आईनं सूत्रधाराकडं बोट दाखवावं, की बघ, तो बघ, खेळ चाललाय.

आप्पासाहेब १८५१ साली गेले आणि दरबारचा आधार सुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ केले, १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकगृहात गेले. राजाच्या पदरची गोष्ट तिकिटावर आली. नवीन यंत्रं जशी आधी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात येतात आणि मग बाजारात, तसंच हे.

पुढं याच परंपरेत दाखवण्याची साधनं बदलत गेली, पण सांगणारा बराच काळ टिकला. कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९२ साली दिव्याच्या उजेडात काचेवरची रंगीत चित्रं पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. हातानं रंगवलेल्या काचा, त्या सरकवून हालचालीचा भास. नाव ठेवलं ‘शांबरिक खरोलिका’. शंबर म्हणजे पुराणातला मायावी असुर. त्याच्या मायेचा हा दिवा. नावातच कबुली आहे बघा, की आम्ही माया दाखवतोय. आणि त्या चित्रांच्या जोडीला निवेदन होतं, संवाद होते, गाणी होती. चित्र मुकं सोडलेलं नव्हतं.

जत्रेतली पेटी आठवा. पालीच्या खंडोबाला जा, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जा, आमच्या लहानपणी ती पेटी दिसायचीच. गोल भोकाला डोळा लावायचा, आत चित्रं सरकायची. पेटीत डोळा एकट्याचा, पण कान सगळ्यांचे. कारण बाहेर तो पेटीवाला घुंगरू वाजवत गात असायचा, आता दिल्ली आली, आता ताजमहाल आला. ज्याच्याकडं पैसे नसत ती पोरं शेजारी उभी राहून नुसतं ऐकायची. मी त्यातला एक.

औंधचं उदाहरण तर अगदी आपल्या जवळचं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली निघालं. १९३८ साली त्यांनी औंधला श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. आजही टेकडीवर जाऊन बघता येतं, आणि बघावंच. पण हेच पंतप्रतिनिधी कीर्तनकारही होते. एका माणसात चित्र काढणारा आणि सांगणारा दोघे. माझ्या आईला जे बुवा हवे होते ते असे.

मग बुवा गेले कुठं?

नाटकातून सूत्रधार हळूहळू मागं सरला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ आणलं. त्या नाटकांत पात्रं स्वतःच गायला लागली आणि सूत्रधार नांदीपुरता, प्रवेशापुरता उरला. सिनेमा आला तेव्हा मूकपटात पाट्या असत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारचा कुणीतरी त्या मोठ्यानं वाचे. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ काढला, मराठी चित्रपट बोलायला लागला. पाट्या गेल्या आणि वाचणाऱ्याचं कामही गेलं.

यात वाईट काही झालं असं मी म्हणत नाही. प्रेक्षक तयार झाला. रंगमंचावर जे दिसतं तो खेळ आहे हे त्याला कळायला लागलं, मग प्रत्येक वेळी ते सांगायची गरज उरली नाही. नाटकात, सिनेमात हे चालतं. तिथं आपण खरेपणाचा दाखला मागायला गेलेलोच नसतो.

माझी अडचण इतिहासाची आहे.

त्या दिवशी मी भाच्याच्या मित्राला फोन लावला. कौतुक केलं, मनापासून केलं. मग विचारलं, “तो गालिचा लाल कसा काय?” तो प्रामाणिक मुलगा. म्हणाला, “सर, तयार मॉडेलांच्या यादीत मिळाला तो टाकला. तिथं काहीतरी टाकावंच लागतं. रिकामं ठेवलं तर जमिनीला भोक पडल्यासारखं दिसतं.”

मंडळी, त्याचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. मी पुस्तकात ‘१२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला’ एवढं लिहून पुढं जाऊ शकतो. वाक्याला गालिचा लागत नाही. रेखाचित्र काढणारा कोपरा कोरा सोडू शकतो. अंगणातल्या किल्ल्यात तर पोरं चपलेच्या खोक्याचा राजवाडा करतात आणि कुणाची फसवणूक होत नाही, कारण करणारं पोरगं शेजारी उभं राहून सांगत असतं, “काका, हा बुरूज समजायचा हां.” पण या यंत्राला कोरं सोडता येत नाही. त्याला प्रत्येक बोटभर जागेत काहीतरी घालावं लागतं. आणि जे पुराव्यानं घातलं ते, आणि जे यादीतून उचललं ते, दोन्ही सारख्याच झळाळीनं दिसतं.

चित्र मनात कसं रुजतं याचं एक उदाहरण तुमच्या देवघरातच आहे. डोळे मिटून लक्ष्मी आठवा. बहुतेकांना दिसेल ती रविवर्म्याची लक्ष्मी, साडीतली, कमळात उभी. राजा रविवर्म्यानं १८९४ साली छापखाना काढला आणि ती चित्रं घरोघर गेली. त्याआधीही लक्ष्मी होतीच की! पण आज आपल्या मनात तीच उभी राहते. कागदावरच्या सपाट चित्रानं हे केलं. मग अकरा वर्षांच्या पोरानं ज्या दरबारात स्वतः उभं राहून मान वळवून बघितलं, तो दरबार त्याच्या मनातून कोण काढणार? तो मोठा झाल्यावर शपथेवर सांगेल, गालिचा लालच होता, मी बघितलाय.

आता कुणी म्हणेल, सर, एका गालिच्यानं काय बिघडतं? गालिच्यानं फार बिघडत नाही. पण हुबेहूब दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवल्यानं काय होतं हे सातारकरांना वेगळं सांगायला नको.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांची गोष्ट आठवा. त्यांच्यावर कंपनी सरकारनं आरोप ठेवले. फौजेतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. पुरावा म्हणून कागद पुढं आले. ते कागद बनावट आहेत असं महाराज आणि त्यांच्या बाजूचे लोक शेवटपर्यंत सांगत राहिले. समोरासमोर बाजू मांडायची संधी त्यांनी मागितली. ती मिळाली नाही. १८३९ साली त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. १८४७ साली ते तिथंच वारले. १८४८ साली संस्थानच खालसा झालं.

त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० ते १८५३ अशी तब्बल तेरा वर्षं तो माणूस परक्या मुलखात अर्ज करत, भाषणं करत, पैशाची ओढाताण सोसत राहिला. मघाशी म्हटलं ना, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात स्टिरिओस्कोप मांडला होता? सारी लंडननगरी भिंगाला डोळा लावून सपाट कागदातून उभं राहणारं चित्र बघत होती. त्याच वर्षी, त्याच शहरात साताऱ्याचा वकील सांगत होता की कागदावर जे दिसतंय ते खरं धरून चालू नका, ते कुठून आलं ते आधी विचारा. त्याचं कुणी ऐकलं नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्या भागानं या यंत्राकडं थोडं वेगळ्या नजरेनं बघावं. आपण नुसते देखाव्याचे लोक नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला, तो वाईला सापडलेल्या कागदांवर. इथून जवळच, मिरजेला, वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचत बसले आणि त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा राहिला. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी कागद, चित्रं, नकाशे जमवले. या माणसांनी काय केलं? कागद जसा सापडला तसा छापला. फाटला असेल तर तिथं टिंबं दिली. ती टिंबं म्हणजे इतिहासकाराचा प्रामाणिकपणा. इथं मला ठाऊक नाही, एवढं सांगायची ती खूण. हेडसेटमध्ये टिंबं कशी द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न जगात आधीही पडलाय. १९६४ साली व्हेनिसला जुन्या वास्तूंच्या जतनासाठी एक सनद झाली. तिच्यात सांगितलंय की पडलेला भाग नव्यानं बसवलात तर तो एकूण वास्तूत शोभला पाहिजे, पण मुळापासून ओळखूही आला पाहिजे. संगणकावर वारसा उभा करणाऱ्यांसाठी २००६ पासून ‘लंडन सनद’ म्हणून नियमावली आकाराला आली. तिचा गाभा असा, की बघणाऱ्याला पुरावा कुठला आणि अंदाज कुठला हे कळलं पाहिजे, आणि कशाच्या आधारावर काय केलं याची नोंद ठेवली पाहिजे. लंडन सनद! रंगो बापूजींना हे नाव ऐकून काय वाटलं असतं, देव जाणे.

हे नियम मी त्या मुलाला सांगितले. आजकालची पोरं ऐकत नाहीत असं आपण म्हणतो, ते खरं नाही. त्यानं दोन महिने खपून नवं रूप केलं. आता त्यात ज्याला आधार आहे ते भरीव दिसतं आणि जिथं अंदाज आहे तिथं नुसती पांढरी रेघ. दरबारातली बरीच माणसं रेघेची झाली. गालिचा गेला, नुसती चौकट राहिली. मुलगा जरा हिरमुसला होता, म्हणाला, “सर, आता पहिल्यासारखी मजा नाही राहिली.” खरंय. पहिल्यांदा बघताना हात जोडले गेले होते, ते या वेळी जोडले गेले नाहीत. पण या वेळी मी वीस मिनिटं आत होतो. प्रत्येक रेघेपाशी थांबून विचार करत होतो, की इथं काय असेल, ते कुठल्या कागदात सापडेल. पहिल्या वेळी मी पाच मिनिटांत बाहेर आलो होतो, कारण विचारायला काही उरलंच नव्हतं.

आणि आईचा बुवा? तो मी झालो. भाच्यानं माझा आवाज भरून घेतला आणि दरबाराच्या एका कडेला माझी छोटी आकृती उभी केली, साध्या पायजमा-शर्टात. रेघेकडं बघितलं की ती आकृती सांगते, “इथं अंदाज आहे.” भरीव वस्तूकडं बघितलं की तिचा आधार सांगते. आईला परत लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. हेडसेट काढल्यावर म्हणाली, “आता समजलं. पण बुवा, जरा सावकाश बोलत जा.” (हशा)

संपवता संपवता एक व्यवहाराची गोष्ट. इथं शिक्षक बसलेत, संस्थांचे पदाधिकारी बसलेत. ही यंत्रं आता महाग आहेत. परदेशात त्यातली काही २०२३-२४ साली पाचशे डॉलरपासून साडेतीन हजार डॉलरपर्यंत निघाली, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं चाळीसेक हजारांपासून तीन लाखांच्या घरात. पण किमती उतरतील, आणि उद्या कुणीतरी तुमच्या शाळेत, तुमच्या गावच्या किल्ल्यावर, तुमच्या संग्रहालयात हे घेऊन येईल. पहिल्या वेळी तुम्ही थक्क होणार, मीही झालो. थक्क व्हा, पण पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा. यात अंदाज कुठला ते वेगळं दिसतं का? प्रत्येक वस्तूच्या आधाराची नोंद कुठं बघायला मिळेल? आणि मुलं हे बघत असताना शेजारी शिक्षक बोलू शकेल का, की प्रत्येक मूल आपापल्या पेटीत एकटं? तिसऱ्या प्रश्नाला ‘एकटं’ असं उत्तर आलं, तर त्या तासाला शिक्षकानं वर्गात थांबायचंच कशाला?

ज्या गावात रावण भर दरबारात आला तेव्हा सूत्रधार शेजारी उभा होता, त्या गावाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. एवढंच सांगायला मी आलो होतो.

तुमचे प्रश्न घेतो. भाचा तो हेडसेट घेऊन बाहेर व्हरांड्यात बसलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी रांगेनं बघा, चष्मा असेल तर काढून हातात ठेवा. मी तिथं शेजारी उभा राहीन.